दहापासून सुरू होणारी टेप

माझ्या टेपचे पहिले नऊ सेंटिमीटर
पोरांनी चघळून चघळून पुसून टाकलेत.
म्हणून मी दहापासून लावते
आणि येईल त्यातून दहा वजा करते.
म्बालेच्या या वॉर्डात अकरा वर्षं
माझं काम एवढंच: डोकी मोजणं, वजाबाकी.

मुटोन्यी आली बुडुडाच्या चढावरून,
बोडाबोडाच्या मोटरसायकलवर, मागे बसून.
पोर पाठीला बांधलेलं नाही, पुढे,
दोन्ही तळव्यांत डोकं,
काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसं.
चार महिन्यांचा गिडुडू.
एकसष्ट. वजा दहा.
आकडा मी मोठ्यानं म्हणत नाही.

टाळू वर आलेली, ताणलेली.
बुबुळं खालच्या पापणीत बुडालेली, वर नुसतं पांढरं.
मावळतीचे डोळे, म्हणतात डॉक्टर.
ती म्हणाली, हा माझ्याकडे बघतच नाही,
सारखा स्वतःच्या छातीकडे,
जणू काही सांडलंय तिथे.
आठव्या दिवशी ताप आला होता म्हणे.
ताप गेला. जाताना वाट बुजवून गेला.

मी तिला लुमासाबात सांगते,
पुस्तकातली भाषा या खोलीत उपयोगाची नाही:
मेंदूच्या आत खोल्या असतात,
खोल्यांत एक झालर लोंबते,
तांबूस, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी.
कोरॉइड प्लेक्सस. रात्रंदिवस
रक्तातून पाणी गाळते,
इतकं नितळ की आमच्या नळाला कधी आलं नाही.
त्यावर मेंदू तरंगतो,
म्हणून त्याला आपलं ओझं कळत नाही.
पण बाहेरची वाट बुजली
हे झालरीला कोण सांगणार?
कामसू आहे ती. गाळत राहते.

मुटोन्यी ऐकून घेते.
आमच्याकडे, ती म्हणते, डोंगराच्या पोटात पाणी साचलं
की आधी कॉफीच्या झाडांना कळतं. ती कलतात.
मग आम्ही चर खणतो.
तुम्ही चर खणणार?
हो.
आणि झराही थोडा जाळणार.

झरा कुणी जाळतं का?

मी नळीचं सांगितलं. डोक्यातून पोटात सोडतात ती.
नळी तुंबते.
तुंबली की चढावरून इथवर यायला एक रात्र,
पूल शाबूत असेल तर.
तिनं बराच वेळ माझ्या टेपकडे पाहिलं
आणि कागदावर अंगठा नाही, सही केली,
सावकाश, एकेक अक्षर.

पडद्यावर मी पाहिलं:
झालर नाडीबरोबर हलत होती, पाण्यातल्या शेवाळासारखी.
डॉक्टर ओलुपोट यांनी तारेचं टोक टेकवलं.
तांबूस होतं ते पांढरं पडलं, आक्रसलं,
मग पुढचं बोटभर, मग त्याच्या पुढचं.
रागानं माणसं डोक्यात राख घालून घेतात.
इथे एक माणूस शांतपणे घालत होता,
दुसऱ्याच्या, चिमूटभर,
आणि मधेच त्यांनी विचारलं, चहा झाला का कुणाचा?

रात्री मुटोन्यी दबकत आली.
याचे अश्रू पण आटतील का?
नाही गं, ते वेगळ्या नळाचे.
ती हसली नाही. तिला खात्री हवी होती.
पहाटे सुईच्या वेळी तो रडला
तेव्हा तिनं गालावरून बोट फिरवून
चाखून पाहिलं.

पाचव्या दिवशी छतावर पाल होती.
गिडुडू पालीकडे बघत होता.
वर.
आम्ही दोघी पालीला हाकललं नाही.

परवा तिसरी फेरी झाली.
एकसष्ट, आणि वर दोन रेघा.
दोन रेघा म्हणजे माझा थरथरणारा हात,
किंवा पाणी,
किंवा नुसतं वाढणारं मूल;
डोकं वाढायलाच हवं की त्याचं.
टेप तिन्हींसाठी एकच आकडा दाखवते.
मी पुन्हा लावली. पुन्हा तेच.
वहीत लिहिलं, पुढची तारीख दिली.
मुटोन्यीनं त्याला या वेळी पाठीवर बांधलं,
टेपचं चघळलेलं टोक त्याच्या मुठीत होतं,
ते सोडवायला जरा वेळ लागला.